तुम्ही विचारलंत म्हणून: गुरुजींना हिशेब विचारला, मग वाईटपणा नाही आला?

आमच्या वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चार वर्षं व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतल्या आया मला एकच प्रश्न विचारतात. हळदीकुंकवाला विचारतात, एसटीच्या थांब्यावर विचारतात. "वहिनी, तुम्ही गुरुजींना हिशेब विचारलात म्हणे. वाईटपणा नाही आला? पोरं त्यांच्याच हातात असतात ना!" प्रत्येकीला तुटक तुटक उत्तर दिलंय. आज नीट सांगते.

वाईटपणा आला. त्या वर्षी गणपतीत गुरुजी आमच्याकडे आरतीला आले नाहीत. कोकणात याचा अर्थ काय, ते तुम्हाला सांगायला नको.

शाळा म्हणजे जांभ्या चिऱ्याच्या दोन खोल्या, वर कौलं, चौथीपर्यंत वर्ग, पट वीसच्या आत. जागा वाडीतल्याच एका घराने दिलेली. चिरे वाहणाऱ्यांत माझे सासरे होते. शिमग्यात पालखी शाळेच्या पटांगणात थांबल्याशिवाय पुढे जात नाही. पावसाआधी शाकारणीला बापये वर चढतात आणि आम्ही बायका कौलं पुसून हातोहात वर देतो. शाळा आपली आहे, हे आमच्याकडे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

पैशाचंही तसंच. पट तीसपर्यंत असला तर शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं १०,००० रुपये. त्यातच खडू, किरकोळ दुरुस्ती आणि साफसफाई भागवायची. उरलेलं वाडीतल्या चाकरमान्यांचं मुंबईतलं मंडळ बघतं. ही रीत जुनी आहे. दापोलीजवळच्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी एकोणिसाव्या शतकातच गावासाठी मुरुड फंड उभा केला होता. आमचे चाकरमानी गिरणीत होते तेव्हाही पगारातले दोन पैसे शाळेसाठी बाजूला काढत.

असा पैसा विश्वासावर येतो, आणि विश्वासाने दिलेल्या पैशाची पावती मागायची आपल्याला लाज वाटते. घोळ तिथेच झाला.

एका गणपतीत मंडळाने पाण्याच्या टाकीसाठी ४०,००० रुपये रोख गुरुजींच्या हातात दिले. पुढच्या वर्षीचा मे उजाडला तरी टाकीचा पत्ता नाही. मुंबईहून फोन सुरू झाले. विहिरीवर तीच चर्चा, लग्नाच्या मांडवात तीच. गुरुजी समोरून आले की सगळे "या गुरुजी, चहा घ्या" म्हणायचे. तोंडावर विचारायला कुणी तयार नाही.

आणि मी, अध्यक्ष, काय करत होते? समितीची सभा महिन्यातून एकदा व्हायला हवी. आमच्याकडे सभेऐवजी इतिवृत्ताची वही यायची, चौथीतल्या एका मुलीच्या दप्तरातून. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली असायची. मी भाकरी थापताना पीठाचे हात पदराला पुसून सही करायची आणि वही परत द्यायची. वर काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही. ती चूक माझी होती, गुरुजींची नव्हे.

जूनमध्ये एकदा वाचलं. "टाकीच्या कामाबाबत चर्चा झाली. सर्वानुमते मुदतवाढ." तारीख बघितली तर त्या दिवशी मी माहेरी होते. सही केली नाही. वही घेऊन शाळेत गेले.

तोवर मी कायदा वाचून घेतला होता. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि निम्म्या बायका. आमच्याकडे अध्यक्ष पालकांतला आणि मुख्याध्यापक, म्हणजे गुरुजी, सचिव. शाळेच्या कामावर आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे समितीला नेमून दिलेलं काम आहे. म्हणजे मी विचारायला गेले ते आगाऊपणा करायला नव्हे.

गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मग कपाटातून एक पिशवी काढली. आत सुताराची, लाकडाच्या वखारीची बिलं, ३१,००० रुपयांची. आणि एक पाकीट, त्यावर 'टाकी' असं लिहिलेलं, आत ९,००० रुपये. दुसरीच्या वर्गावरचे वासे वाळवीने पोखरले होते, ते त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत बदलून घेतले होते. काम आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. जिल्हा परिषदेचं असेल असं धरून चाललो होतो.

"मुलांच्या डोक्यावर पडलं असतं तर, वहिनी? आणि तुम्ही माझ्यावर संशय घेता!"

वासे बदलले ते योग्यच केलं. पण दुसऱ्यांनी एका कामाला दिलेला पैसा दुसऱ्या कामाला लावायचा निर्णय एकट्याचा नसतो, आणि न झालेली सभा वहीत झालेली दाखवता येत नाही. हे मी त्यांना तिथेच सांगितलं. आवाज कापत होता, पण सांगितलं. खरं वाईट मला एका गोष्टीचं वाटलं. या प्रामाणिक माणसाला आम्ही वर्षभर पाठीमागे चोर ठरवत होतो आणि त्याला त्याची खबरही नव्हती. दिवाळीनंतर लगेच कुणीतरी तोंडावर विचारलं असतं, तर पिशवी तेव्हाच निघाली असती.

१५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर सभा झाली, खरोखरची. शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका बाईंनी फळ्यावर खडूने सगळा हिशेब मांडला. मंडळ आता पैसे समितीच्या खात्यातच भरतं. तिथून पैसे काढायला दोघांच्या सह्या लागतात, अध्यक्षांची आणि मुख्याध्यापकांची. गुरुजी गणपतीत आले नाहीत, पण घटस्थापनेच्या सुमारास टाकीच्या कोटेशनवर सही घ्यायला स्वतः घरी आले. चहा घेतला. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिला त्यांनी एका शब्दानेही काही जाणवू दिलं नाही.

तुमच्याकडेही वही दप्तरातून येते, असं तुमच्यातल्या तिघी-चौघींनी मला सांगितलंय. पेन्सिलीच्या फुलीवर सही करू नका. आणखी एखाद्या आईला बरोबर घ्या, मधल्या सुट्टीत जा, आणि पोरांच्या देखत काही बोलू नका. आधी बिलं बघायला मागा.