तुळशीला ओढणी

पारा सोळावर आला की सासूबाई बाल्कनीतल्या तुळशीवर जुनी ओढणी टाकतात. आज वॉचमनकाका ते बघून गालात हसले. ते निफाडचे.

"आमच्याकडं पार पाच-सहावर उतरतो. मग पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबकनं पाणी सोडायचं. नाहीतर मणी तडकतात." बोलताना दोन्ही हात शेकायला धरावेत तसे पुढे आले होते.

"मुंबईतही १९६२च्या जानेवारीत ७.४ होतं," मी ज्ञान पाजळलं. कुणी लक्ष दिलं नाही. सासूबाईंनी ओढणीला चिमटा लावला.

काकांचा धाकटा भाऊ काल रात्रभर बागेतच होता म्हणे.

संध्याकाळी बाजारात एक बाई द्राक्षाचा मणी चाखून म्हणाली, "आंबट आहेत, कमी करा."

त्या जागरणाचा भाव कोण लावतं हो?