सोनेरी चेसिसवर चार पिढ्यांची वायरिंग

आरसी१० या रेडिओ-नियंत्रित रेसिंग गाडीवरचं काम चौथ्या टप्प्यावर आलं आहे, म्हणून आतापर्यंतची नोंद सलग लिहून काढतो. नव्याने या छंदात आलेल्यांसाठी आधी गाडीची ओळख. असोसिएटेड इलेक्ट्रिक्सने १९८४ साली ही एक-दशांश मापाची बग्गी बाजारात आणली. मागच्या दोन चाकांवर चालणारी, सोनेरी अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या टबवर, म्हणजे खोलगट चेसिसवर, बांधलेली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात डेल मारला इफमार या आंतरराष्ट्रीय मॉडेल-कार रेसिंग महासंघाची पहिली ऑफ-रोड जागतिक स्पर्धा झाली आणि टू-व्हील ड्राइव्हचं विजेतेपद जे हॅल्सीने याच गाडीवर मिळवलं. २०१३ मध्ये कंपनीने तिची जुन्या रूपातली आवृत्ती पुन्हा काढली. माझ्याकडे आहे ती हीच.

बेत असा आहे की सस्पेन्शन, टायर, डिफरन्शियल यांना हात लावायचा नाही. गाडी तीच ठेवायची आणि तिच्यात एकेका काळाचं इलेक्ट्रॉनिक्स बसवत जायचं. पिनियन, म्हणजे मोटारीवरचं छोटं दातेरी चाक, तेवढं मोटारीप्रमाणे बदलायचं. मग हातात जो फरक जाणवेल तो इलेक्ट्रॉनिक्सचाच असेल.

पहिला टप्पा: पट्टी आणि रेझिस्टर

मेकॅनिकल स्पीड कंट्रोल ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी एकदा तरी उघडून बघावा. सर्व्हो म्हणजे रेडिओच्या हुकमाने हलणारी छोटी मोटार. एक सर्व्हो स्टिअरिंगला, दुसरा सर्व्हो थ्रॉटलला. थ्रॉटलचा सर्व्हो एक संपर्क-पट्टी तांब्याच्या पॅडवरून सरकवतो. पहिल्या पायरीला करंट सगळ्या रेझिस्टरमधून जातो, दुसरीला थोड्यातून, आणि रिमोटचा ट्रिगर पूर्ण दाबला की बॅटरी थेट मोटारीला. अर्धा वेग हवा असेल तर उरलेली वीज रेझिस्टरमध्ये जाळायची, एवढंच तत्त्व.

गणित करून बघा. रेझिस्टर ०.३ ओहमचा आणि करंट १२ अँपिअर धरला तर ३.६ व्होल्ट तिथेच पडतात. म्हणजे ७.२ व्होल्टच्या पॅकचा निम्मा दाब. उष्णता झाली ४३ वॅट. आपलं नेहमीचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं; त्याच्या दीडपटीहून जास्त आच गाडीत ठेवून पळायचं. त्या काळच्या गाड्यांचे रेझिस्टर बाहेर, वाऱ्याला उघडे ठेवलेले का दिसतात ते यावरून कळतं. वळणावर अर्धवट थ्रॉटल धरून राहणारा चालक बॅटरी दुप्पट वेगाने गमावत नसे, पण ती मोटारीला न देता हवेला देत असे. म्हणून ज्यांच्या हाताला ट्रिगर झटक्यात सोडायची आणि झटक्यात दाबायची सवय होती त्यांचा फायदा होई.

याच टप्प्यात २७ मेगाहर्ट्झचा एएम रेडिओ लावला. फ्रीक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलची जोडी, एक ट्रान्समीटरमध्ये आणि एक रिसीव्हरमध्ये. तपकिरी म्हणजे २६.९९५, लाल २७.०४५, नारिंगी २७.०९५, पिवळा २७.१४५, हिरवा २७.१९५, निळा २७.२५५. अँटेनावर त्या रंगाचं छोटं निशाण. एका रंगावर एका वेळी एकच गाडी, त्यामुळे हीटमध्ये, म्हणजे एका प्राथमिक फेरीत, कोण कोणाबरोबर हे ठरवताना आयोजकाला आधी क्रिस्टल बघावे लागत. अमेरिकेत ७५ मेगाहर्ट्झ आणि ब्रिटनमध्ये ४० मेगाहर्ट्झ आले तेव्हा चॅनेल वाढले, पण फ्रीक्वेन्सीच्या फळ्यावरची क्लिप घेतल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही ही शिस्त तशीच राहिली. कोणी विसरलं तर दुसऱ्याची गाडी भिंतीवर जाई.

एएम रेडिओला मोटारीच्या ठिणग्या अजिबात सोसत नाहीत. म्हणून ०.१ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर मोटारीवर डागावे लागतात: दोन्ही टर्मिनलपासून डब्याला एकेक आणि तिसरा दोन टर्मिनलांच्या मध्ये. डब्यावर डाग धरायला आधी तो भाग घासून घ्या, नाहीतर कथील नुसतं घरंगळतं. हे तिन्ही लागले की सर्व्होचं थरथरणं बंद.

दुसरा टप्पा: मॉसफेट आणि पाच मिनिटांची बॅटरी

हा टप्पा मला सगळ्यात आवडला, आणि रेसिंग म्हणून सगळ्यात कठीण वाटला.

इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलने, म्हणजे ईएससीने, रेझिस्टर काढून टाकला. मॉसफेट हा स्विच सेकंदात अनेकदा चालू-बंद होतो. निम्मा वेळ चालू ठेवला की मोटारीला सरासरी निम्मा दाब मिळतो आणि वाया जाणारी वीज फक्त मॉसफेटच्या स्वतःच्या रोधापुरती उरते. एकाला एक समांतर जोडले की तो रोध विभागला जातो. सगळे मिळून ०.००५ ओहम असतील तर २० अँपिअरला उष्णता २ वॅट. वरच्या ४३ वॅटशेजारी हा आकडा ठेवून पाहा. शिवाय एक सर्व्हो कमी झाला, आणि ईएससीतच बीईसी, म्हणजे मुख्य बॅटरीवरून रिसीव्हरला वीज देणारं सर्किट, आल्यावर रिसीव्हरसाठीचे चार पेन्सिल सेलही गेले. गाडी हलकी झाली ती अशी दोन्हीकडून.

सुरुवातीचे ईएससी रेडिओच्या फ्रेमच्या तालावर, म्हणजे सेकंदाला ५०-६० वेळा स्विच होत. एवढ्या संथ तालात प्रत्येक वेळी मोटारीत करंट उसळतो आणि परत पडतो. उष्णता करंटच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे सरासरी तीच असली तरी मोटार जास्त तापते, कार्बनही (फिरत्या वाइंडिंगला करंट पोचवणारे ब्रश) जास्त झिजतात. मग काही किलोहर्ट्झवर चालणारे ईएससी आले. वाइंडिंगचं इंडक्टन्स करंटला सपाट करतं आणि ट्रिगरची पहिली हालचाल मऊ होते. एकाच मोटारीवर दोन्ही प्रकारचे ईएससी लावून ओल्या मातीत चालवले, तेव्हा हा मऊपणा लगेच कळला. कोपऱ्यातून बाहेर पडताना मागची चाकं फिरण्याऐवजी धरू लागली.

आता बॅटरी. रेस पाच मिनिटांची. सान्योच्या १,७०० एमएएच निकेल-कॅडमियम सेलमधून सतत २० अँपिअर ओढले तर तो ३०६ सेकंद पुरतो. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. उरले सहा! सगळी रेस या सहा सेकंदांत अडकलेली असायची. एक दात मोठं पिनियन लावलं की सरळ पट्ट्यावर गाडी सुसाट, आणि शेवटच्या फेरीत पॅक बसलेला. म्हणून सेल मॅच करण्याचा धंदा उभा राहिला. प्रत्येक सेल ठरावीक करंटला रिकामा करायचा, किती सेकंद टिकला, सरासरी व्होल्टेज किती, अंतर्गत रोध किती हे लेबलवर छापायचं, आणि सारखे निघालेले सहा एकत्र विकायचे. पैसे जास्त देणाऱ्याला चांगले सेल मिळायचे, हे मला आजही खटकतं. चालकाच्या हातातल्या कौशल्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

ते रेसिंग सेल आज मिळत नाहीत. ड्रिल मशीनच्या बॅटरीत येतात ते सब-सी सेल घेऊन पॅक बांधला आहे. अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे ट्रिगर दाबताच व्होल्टेज खाली येतं. पण कमी विजेत रेस पुरवण्याचा धडा त्यातून नीट मिळतो.

मोटार २७ टर्नची, म्हणजे २७ वेढ्यांची स्टॉक; टायमिंग (करंट किती आधी बदलायचा तो कोन) २४ अंशांवर बंद केलेली. शिवाय तुलनेसाठी एक १२ डबल, म्हणजे दोन तारा एकत्र घेऊन बारा वेढे. वेढे कमी तर फेरे जास्त आणि करंटही जास्त. कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात ते तांब्याचं कडं, काळा पडला की लेथवर हलका कट घ्यावा लागतो. छंदाचा छोटा लेथ माझ्याकडे नाही, म्हणून मिक्सर-ग्राइंडरची आर्मेचर भरून देणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी आर्मेचर बोटांत फिरवून पाहिलं.

“मिक्सरला डझनावारी पट्ट्या असतात रे, याला तीनच?”

“तीनच, काका. पण बिनलोड हे वीस हजारांच्या वर फिरतं.”

“मग कट केसाएवढाच घ्यायचा. आणि पट्ट्यांमधल्या फटी कोरून घे, तांब्याचा भुगा राहिला तर शॉर्ट होईल.”

परदेशातले जुने रेसर नेमका हाच सल्ला देतात. काकांनी फटी स्वतःच ब्लेडने साफ करून दिल्या. नवे कार्बन बसवल्यावर कमी व्होल्टेजवर काही वेळ फिरवून त्यांना गोलाई येऊ द्या, मगच पूर्ण दाब द्या.

तिसरा टप्पा: ब्रशलेस

निकेल-मेटल हायड्राइडबद्दल फार लिहीत नाही. ३,०००, मग ३,३००, मग ४,२०० एमएएच अशी क्षमता चढत गेली आणि पाच मिनिटं पुरवण्याची चिंता संपली. ती संपली म्हणूनच लोक मोटारीच्या जास्त मागे लागले.

ब्रशलेस मोटारीत वाइंडिंग स्थिर राहतं आणि चुंबकाचा रोटर फिरतो. कार्बन नाहीत, कम्युटेटर नाही, ठिणगी नाही. कम्युटेटरचं काम ईएससी करतो. त्याला रोटर कुठे आहे हे कळावं म्हणून मोटारीत तीन हॉल सेन्सर असतात. सहा तारांच्या त्या बारीक केबलमधून तीन सेन्सरचे सिग्नल, पाच व्होल्ट, ग्राउंड आणि मोटारीचं तापमान जातं. दोन ध्रुवांचा रोटर मिनिटाला ३०,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५०० फेरे झाले, आणि दर फेऱ्याला सहा पायऱ्या म्हणजे ईएससीला सेकंदाला ३,००० वेळा करंटची वाट बदलावी लागते.

सेन्सर नसलेल्या मोटारीही चालतात. त्या वाइंडिंगमध्ये उलट निर्माण होणाऱ्या दाबावरून रोटरची जागा ओळखतात. पण थांबलेल्या रोटरमधून तो दाब येतच नाही, म्हणून सुरुवातीला गाडी अडखळते. स्टार्ट लाइनवर आणि हेअरपिनमध्ये हे परवडत नाही. रेसिंगने सेन्सरची बाजू घेतली ती याच कारणाने.

वेढ्यांचे आकडेही बदलले. २७ टर्न ब्रश मोटारीची जागा स्टॉक वर्गात १७.५ टर्न ब्रशलेसने घेतली, त्याहून वेगवान १३.५ आणि त्याहून संथ २१.५ असे वर्ग झाले. या गाडीत १७.५ बसवली आणि कार्बन, स्प्रिंग, कट यांत जाणारी संध्याकाळ मोकळी झाली. ज्याला कामामुळे फक्त रविवारीच वेळ मिळतो त्याच्यासाठी ही सगळ्यात मोठी सुधारणा आहे, असं माझं ठाम मत आहे. कम्युटेटर सांभाळण्यातली कला मला प्रिय आहे, तरीही.

चौथा टप्पा, सध्या चालू

लिपोचा, म्हणजे लिथियम-पॉलिमरचा, दोन सेलचा, कठीण कवचाचा पॅक बसला. सहा निकेल सेल मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास वजन असतं. आखूड लिपो त्याच्या निम्म्यात येतो. सेल मॅच करण्याचा तो सगळा खर्चिक खेळ लिपोने जवळजवळ मिटवला, आणि याबद्दल मी त्याचा कायमचा ऋणी आहे. सेलला ४.२० व्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नाही, बॅलन्स लीड (प्रत्येक सेल वेगळा मोजणारी तार) लावल्याशिवाय चार्ज करायचं नाही, आणि ठेवताना ३.८ व्होल्टवर ठेवायचं. एप्रिल-मे मध्ये बंद कारच्या डिकीत लिपो ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात पॅक फुगायला दुपार पुरते.

रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा. क्रिस्टल नाही, निशाण नाही, फळा नाही. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दिरंगाई. जुन्या पद्धतीत सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी नवा पल्स मिळे. गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर तेवढ्या वेळात ती ३३ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. ३ मिलिसेकंदांत ती ५ सेंटिमीटर जाते. दोन गाड्या चाकाला चाक लावून वळणात शिरतात तेव्हा या फरकावर जागा मिळते किंवा जाते.

आता टायमिंगचा विषय. २००९-१०च्या सुमारास ईएससीच्या सॉफ्टवेअरमध्ये बूस्ट आणि टर्बो आले. फेरे वाढतील तसं टायमिंग पुढे सरकवायचं तो बूस्ट. ट्रिगर पूर्ण दाबून थोडा वेळ गेला की आणखी सरकवायचं तो टर्बो. १७.५ची मोटार बरीच खालच्या टर्नच्या मोटारीसारखी धावू लागली आणि लॅपटॉप लावून आकडे बदलणारा पुढे जाऊ लागला. स्टॉक वर्ग ज्या नवशिक्यांसाठी होता तेच मागे पडले. त्यावर काढलेला तोडगा मला फार हुशारीचा वाटतो. ईएससीचं स्वतःचं टायमिंग शून्यावर ठेवायचं, आणि ते शून्य आहे हे ईएससीवरचा दिवा लुकलुकून सांगणार. तपासनीसाला दुरूनही दिसतं. म्हणून त्या वर्गाचं नावच ‘ब्लिंकी’ पडलं.

चार टप्पे एकाच टबवर बघितल्यावर मला हे स्पष्ट दिसतं: पहिल्या टप्प्यात वेग रेझिस्टरने अडवला होता, दुसऱ्यात सेलने, तिसऱ्यात थोडा मोटारीने. आता तो नियमाने अडवला आहे, कारण या टायरांना पेलेल त्याहून कितीतरी जास्त ताकद आजचा ईएससी सहज देतो. माझी गाडीही ब्लिंकीतच राहणार. बूस्ट चालू केला की १९८४च्या आराखड्याची मागची चाकं फक्त माती उडवतात आणि बाकी गाडीबद्दल काहीच कळत नाही.

आजची स्थिती. मोटारीच्या एंडबेलवरचं, म्हणजे मागच्या झाकणावरचं, टायमिंग मधल्या खुणेवर आहे. पिनियन एकेक दात वाढवत, प्रत्येक पॅकनंतर इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटारीचा डबा मोजतो आहे. ७० अंशांच्या वर गेली की एक दात कमी. रोटरचं चुंबक एकदा अति तापून दुबळं झालं की परत सुधारत नाही, म्हणून यात घाई नको. ईएससीचा कपॅसिटर टबच्या कडेला आडवा बांधला आहे, तारा जितक्या आखूड तितक्या चांगल्या. ट्रान्सपाँडरची, म्हणजे फेऱ्या मोजण्यासाठी सिग्नल देणाऱ्या छोट्या पेटीची, जागा रिसीव्हरशेजारी ठेवली, मोटारीच्या तारांपासून दूर. त्याचा सिग्नल जमिनीखालच्या लूपला वरून मिळायला हवा, म्हणून तो अ‍ॅल्युमिनियमच्या टबमागे झाकला जाणार नाही अशा उंचीवर बसवतो आहे. कार्बन फायबरच्या आणि धातूच्या चेसिसवाल्यांनी फेऱ्या मोजल्या जात नसतील तर आधी हेच तपासावं.

पुढच्या नोंदीत १७.५चे तापमानाचे आकडे आणि पिनियन देईन. शिवाय १२ डबल पुन्हा बसवून, तिला लिपोवर आणि आधुनिक ब्रश ईएससीवर चालवायचा विचार आहे. हे मिश्रण त्या काळी कोणाकडेच नव्हतं. कार्बन किती टिकतात ते बघू.