नेम बरोबर, हात भलतीकडे

फिजिओथेरपीच्या मुलांना लहान मेंदू (हालचालींचा ताळमेळ राखणारा मेंदूचा भाग) शिकवताना मी आकृत्यांपेक्षा प्रयोगावर भर देते. टॅब्लेटवर स्टायलस, वर आडवी फळी. हात दिसत नाही, दिसतो तो फक्त स्क्रीनवरचा ठिपका. वर्तुळावर लक्ष्य उमटलं की ठिपका तिथे न्यायचा. मध्येच आम्ही ठिपक्याची वाट ४५ अंश डावीकडे वळवतो आणि तसं सांगूनही टाकतो: उजव्या बाजूच्या शेजारच्या खुणेवर नेम धरा.

एका मुलीचा ठिपका लगेच अचूक लागायला लागला. पण हळूहळू तो लक्ष्याच्या उजवीकडे घसरू लागला. ‘मॅडम, मी तिथेच नेम धरतेय हो!’ ती काकुळतीला आली. आणि ती खरंच तिथेच धरत होती!

लक्ष्य लागलं की नाही, याच्याशी लहान मेंदूला फारसं देणंघेणं नसतं. जिथे नेम धरला तिथे ठिपका जाईल असं त्याचं भाकीत असतं. तो गेला त्याच्या डावीकडे, म्हणजे चूक झाली. ब्रेनस्टेममधल्या, म्हणजे मेंदूच्या देठातल्या, ऑलिव्ह नावाच्या पेशीसमूहाकडून ही वर्दी क्लायंबिंग फायबर या मज्जातंतूवाटे लहान मेंदूत येते. प्रौढ मेंदूत लहान मेंदूतल्या एका पर्किंजे पेशीला (तिथली मुख्य चेतापेशी) सहसा असा एकच तंतू. वर्दी आली की त्या वेळी सक्रिय असलेल्या पॅरलल फायबरचे (त्या पेशीला इतर माहिती पुरवणारे बारीक तंतू) त्या पेशीशी असलेले जोड दुबळे होतात. जपानी शास्त्रज्ञ मासाओ इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हे दाखवलं. मुलगी शहाणपणानं नेम धरत होती आणि ही ‘चूक’ सुधारायला तिचा लहान मेंदू तिला न विचारता हात आणखी उजवीकडे नेत होता.

मग आमचे एक रुग्ण काका बसले. आनुवंशिक अटॅक्सिया, म्हणजे हालचालींवरचा ताबा सुटत जाण्याचा आजार; लहान मेंदू झिजत चाललेला. ते आपणहून आले होते. हात थरथरत होता, ठिपके लक्ष्याभोवती विखरून पडत होते. पण शेवटपर्यंत ते एका बाजूला घसरले नाहीत. सूचना जशी दिली तशी पाळली गेली, मध्ये कुणी ढवळाढवळ केली नाही. एका माणसावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण टेलर, क्लेमफस आणि आयव्री या संशोधकांनी २०१० मध्ये रुग्णांच्या गटात हेच नोंदवलं होतं. मी तो निबंध कितीदा तरी शिकवला आहे. समोर घडताना पाहून अंगावर काटा आला.

या मुलांनी एवढं तरी घेऊन जावं असं मला मनापासून वाटतं: अशा रुग्णाला ‘सराव करा, आपोआप जमेल’ म्हणून सोडून देऊ नये. त्याचं ‘आपोआप’च दुखावलेलं असतं. काय करायचं ते त्याला स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं.

काकांनीच विचारलं, ‘मग चहाचा कप उचलताना काय करू?’ उरलेला तास त्यातच गेला. कोपर टेबलावर टेकवायचं, आधी हात पुढे, मग बोटं, आणि सगळं सावकाश.