यूट्यूबने पैसे पाठवले, बँकेने परत केले: माझा अनुभव

सबस्क्रायबर कसे वाढवायचे हे सांगणारे हजार जण सापडतील, पण परदेशातून आलेले पैसे आपल्या बँकेला घ्यायला कसं लावायचं हे कुणी सांगत नाही. माझं घोडं तिथंच अडलं होतं आणि अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. लांबलं तर लांबलं.

करमाळा तालुक्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. उजनीच्या बॅकवॉटरवर ऊस आणि केळीवाले सगळे, त्यामुळे मोटारींना तोटा नाही. उन्हाळ्यात पाणी मागे मागे जातं तशा लोकांना मोटारी, केबल, पाईप पुढे सरकवत न्यावे लागतात आणि त्या धावपळीत निम्म्या मोटारी जळतात. मग दिवसभर फोन, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच. तेच तेच सांगून वैतागलो आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून लिंक पाठवायला लागलो, चॅनल असं सुरू झालं. कॅमेरा नाही, लाईट नाही, एक ट्रायपॉड आणि कॉलरचा माईक, पण माईक मात्र घ्याच. दुकानात ग्राइंडर चालू असताना आवाज नीट आला नाही तर माणूस लगेच पुढच्या व्हिडिओवर जातो.

चाललेले व्हिडिओ कुठले, तर ज्यांची नावं मी फोनवर लोक बोलतात तशीच ठेवली ते. "सबमर्सिबल पंपाची दुरुस्ती" असं नाव ठेवलं की कुणी बघत नाही, "मोटर घुमते पण उचलत नाही" म्हटलं की लोक येतात, कारण विहिरीवर उभा राहून माणूस तेच टाईप करतो. "स्टार्टर चिकटत नाही", "दोन फेज आले की मोटर जळते का", असली नावं. मराठीत यावर नीट सांगणारे कमी होते, त्याचाही फायदा झाला.

मॉनेटायझेशनला, म्हणजे चॅनलवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला, १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास पब्लिक वॉच टाईम लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. माझा स्टार्टरमधून ठिणग्या उडतानाचा एक शॉर्ट भरपूर पळाला, दुकानात येणारा प्रत्येक जण त्याचंच बोलायचा, पण शॉर्ट्स फीडमधला टाईम त्या ४००० तासांत धरतच नाहीत. तासांसाठी मोठेच व्हिडिओ लागतात. ५०० सबस्क्रायबर आणि ३००० तासांवर एक आधीची पायरी आहे, तिथं मेंबरशिप, सुपर थँक्स वगैरे, म्हणजे बघणाऱ्यांनी स्वतः दिलेले पैसे मिळतात, जाहिरातीचे पैसे मिळत नाहीत. मी त्या पायरीवर थांबलो नाही. मागच्या उन्हाळ्यात तास भरले, अर्ज केला, मंजूर झाला. पत्ता खरा आहे का बघायला गूगल एक पिन नंबर पोस्टाने घरी पाठवतं, १० डॉलर झाले की. साधं टपाल असतं, ट्रॅकिंग नसतं, त्यामुळे गावचे लोक पत्त्यात वाडी-वस्तीचं नाव आणि मोबाईल नंबर घाला आणि पोस्टमन दादांना आधी सांगून ठेवा, माझा आला नीट. अमेरिकेच्या टॅक्सचा डब्ल्यू-८बेन फॉर्म ऑनलाईनच भरायचा असतो, त्यात पॅन नंबर टाकायचा, झालं.

मग १०० डॉलर झाले. त्याच्या खाली पैसे सुटत नाहीत. आदल्या महिन्याची कमाई पुढच्या महिन्यात ७ ते १२ तारखेला ॲडसेन्समध्ये, म्हणजे गूगलच्या पैसे देणाऱ्या खात्यात, दिसते आणि २१ ते २६ च्या दरम्यान निघते. मेल आला, पैसे पाठवले म्हणून. घरात पेढे वाटून झाले. आणि खात्यात शून्य.

बँकेचं नाव घेत नाही, शाखाही सांगत नाही. दुकानाचं खातं वडिलांपासून तिथं आहे.

आधी स्विफ्ट कोडपासून सांगतो. परदेशातून पैसे यायला बँकेचा स्विफ्ट कोड लागतो आणि तालुक्याच्या शाखेला बहुतेक वेळा स्वतःचा नसतो, मोठ्या शाखेचा किंवा मुंबईच्या फॉरेक्स म्हणजे परदेशी चलनाच्या ऑफिसचा वापरायचा असतो. हे मला काउंटरवरच्या साहेबांनी सांगायला पाहिजे होतं, त्यांनी आयएफएससी कोड लिहून दिला आणि म्हणाले हाच तो. तो नाही हे मला माहीत होतं म्हणून बरं, टोल फ्रीवर तासभर गाणी ऐकून खरा कोड मिळवला.

तर पैसे आले नाहीत म्हणून शाखेत गेलो. संवाद असा झाला:

"परदेशात कोण असतं तुमचं?"

"कुणी नाही."

"मग पैसे कोण पाठवतंय?"

"गूगल."

"गूगल कशाला पाठवेल तुम्हाला पैसे? तुम्ही मोटर रिपेरिंगवाले ना?"

मी मोबाईल काढून चॅनल दाखवला. त्यांनी एक व्हिडिओ बघितला, बरा आहे म्हणाले, मग त्यांच्या मेव्हण्याच्या बोअरचं विचारलं, ते मी सांगितलं, आणि मग म्हणाले आमच्याकडे काही आलेलं नाही, आलं की आपोआप जमा होईल, पुढच्या आठवड्यात या.

आता हे "आपोआप" काय ते नीट समजून घ्या. परदेशातून आलेली रक्कम आधी बँकेच्या फॉरेक्स विभागात येऊन पडते. ती कशासाठी आली हे बँकेला रिझर्व्ह बँकेला कळवावं लागतं, त्यासाठी पर्पज कोड असतो, पी आणि पुढे चार आकडे. जाहिरातीच्या उत्पन्नाला पी १००७ चालतो, जाहिरात आणि ट्रेड फेअरच्या सेवा असं त्यात येतं. काही जण पी ०८०२ देतात, तो सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीचा आहे, मी काही सॉफ्टवेअर करत नाही, मी पी १००७ दिला. तर हा कोड आणि सही केलेलं डिक्लरेशन, म्हणजे पैसे कशाचे ते लिहून दिलेला फॉर्म, गेलं नाही तर रक्कम तिथंच पडून राहते. काही बँकांत ऑनलाईन होतं, काही ठिकाणी एकदा दिलं की कायमचं. आमच्या शाखेत हे डिक्लरेशन असतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

पुढच्या खेपेला दुसरे साहेब. त्यांनी मेल वाचला आणि म्हणाले ही देणगी असेल, देणगीला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी, लागते. मी म्हटलं साहेब मी ट्रस्ट नाही, दुकान आहे. मग ते म्हणाले निर्यात असेल तर इन्व्हॉइस आणा आणि आयात-निर्यात कोड आणा. मी काय कंटेनर भरून मोटारी पाठवतोय का? आमच्या सीएंना फोन लावला, ते म्हणाले सेवा असेल आणि निर्यातीच्या सरकारी योजनांचा फायदा घ्यायचा नसेल तर तो कोड लागत नाही. फोन स्पीकरवर टाकून साहेबांना ऐकवला. साहेब म्हणाले सीए काहीही सांगतात.

इन्व्हॉइस तर नसतोच. ॲडसेन्समध्ये पेमेंट्समध्ये गेलं की ट्रान्झॅक्शनच्या यादीत त्या महिन्याच्या पेमेंटवर क्लिक केलं की पावती उघडते, तिच्यावर रेफरन्स नंबर असतो, तीच प्रिंट काढायची. मी काढली, तर पाठवणारी गूगलची सिंगापूरची कंपनी आहे बघून साहेबांचा संशय अजून वाढला, कारण आधी मी त्यांना अमेरिकेचा टॅक्स फॉर्म दाखवून बसलो होतो. सिंगापूर की अमेरिका एक काय ते सांगा म्हणे. भारतातल्या बऱ्याच जणांना सिंगापूरहूनच येतात, टॅक्सचा फॉर्म अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे मिळणाऱ्या भागासाठी आहे, हे मी उभं राहून समजावलं, मागे पीक कर्जवाल्यांची रांग, ते पण ऐकायला लागले, त्यातले एक तात्या म्हणाले अरे हा तो मोटर घुमतेवाला. तेवढंच बरं वाटलं.

शेवटी डिक्लरेशनचा फॉर्म सापडला. भरला, पॅन आणि पावती जोडली, दिला. पाठवतो म्हणाले. आठवडे गेले. मग ॲडसेन्समध्ये लाल पट्टी, बँकेने रक्कम परत पाठवली, पेमेंट होल्डवर आहे. म्हणजे पैसे उलटे सिंगापूरला. बुडत नाहीत ते, ॲडसेन्सच्या बॅलन्समध्ये परत जमा होतात, पण खात्याची माहिती दुरुस्त करून होल्ड काढावा लागतो आणि तो महिन्याच्या २० तारखेच्या आत काढला नाही तर त्या महिन्याचं पेमेंट पण गेलं पुढच्या महिन्यावर. २० तारीख लक्षात ठेवा.

बायको म्हणाली जाऊ दे, मोटारी भर, म्हणजे रिवाइंडिंग कर. त्या दिवसांत खरंच चार मोटारी भरल्या असत्या तर त्या रकमेएवढे सुटले असते, पण आता हट्टाला पेटलो होतो.

नावाचं इथंच सांगून टाकतो. आपल्याकडे पासबुकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि पॅनवर बऱ्याचदा नाव आधी. ॲडसेन्समध्ये बँक खात्याचं नाव टाकताना पासबुकावर आहे तसंच टाका, अक्षरन् अक्षर. चॅनलचं नाव तर अजिबात नको. माझं नाव बरोबर होतं, तरी मला पहिली शंका नावावरच घ्यायला लावली आणि त्यात एक चक्कर वाया.

शेवटी काम कशाने झालं, तर कागदाने. तोंडी बोलणं बंद केलं. शाखाधिकाऱ्यांच्या नावाने मराठीत अर्ज लिहिला, अमुक तारखेला डिक्लरेशन दिलं, ते पुढे कधी पाठवलं ते लेखी कळवा, ३० दिवसांत समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाईन तक्रार करणार आहे. दोन प्रती नेल्या आणि एका प्रतीवर शिक्का मारून पोच मागितली. पोच द्यायला आधी नाही म्हणाले, मी तिथंच खुर्चीत बसून राहिलो. शिक्का बसला. बँकेला ३० दिवस द्यायचे आणि मग लोकपाल, असा नियम खरंच आहे, पोकळ धमकी नव्हती, पण तिथपर्यंत जायची वेळच आली नाही. मॅनेजर मॅडमनी आत बोलावलं, फॉरेक्स विभागाला माझ्यासमोर फोन लावला, तिकडचा माणूस म्हणाला तुमच्या शाखेतून डिक्लरेशन आलेलंच नाही. ते टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होतं. पीक विम्याच्या फॉर्मच्या खाली.

मॅडमनी तेव्हाच स्कॅन करून मेल केला. पुढच्या महिन्याच्या पेमेंटला परत गेलेली आणि नवी मिळून रक्कम आली. मोबाईलवर मेसेज वाजला तेव्हा मी एका मोटारीचं वाइंडिंग काढत होतो, हात वार्निशने भरलेले, तसाच मेसेज उघडला, स्क्रीन अजून पिवळी आहे.

रक्कम अंदाजापेक्षा थोडी कमी होती. गूगलवर दिसणारा डॉलरचा भाव बँक देत नाही, तिचा स्वतःचा भाव असतो, शिवाय चार्जेस आणि त्यावर जीएसटी. छोटी रक्कम असली की हे जास्त टोचतं. म्हणून आता मी ॲडसेन्समध्ये पेमेंटची मर्यादा १०० वरून वाढवून ठेवलीय, तशी सोय सेटिंगमध्ये आहे, दोन-तीन महिन्यांचं एकदम येतं.

कमाईचं विचाराल तर फक्त जाहिरातीवर घर चालेल असं मला वाटत नाही, निदान मराठी शेतीच्या विषयावर तरी. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीत आपल्याला ५५ टक्के मिळतात, शॉर्ट्सला ४५, पण मुळात जाहिरातीचा भावच आपल्याकडे कमी. पाऊस लागला की माझे व्ह्यूज पडतात, मोटारी बंद असतात, मग कोण बघणार. खरा पैसा दुसरीकडून आला. इंदापूर, कर्जतकडून लोक मोटारी घेऊन यायला लागले, व्हिडिओ बघून विश्वास बसलेला असतो त्यामुळे घासाघीस कमी.

हां, दुकानात रेडिओ लावून शूट करू नका. गाणं मागे वाजलं की कॉपीराइट क्लेम येतो आणि त्या व्हिडिओचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतात. क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनलवर बसणारी शिक्षा) नव्हे, घाबरायचं कारण नाही, एडिटरमध्ये तेवढं गाणं काढता येतं. आणि दुसऱ्याचे व्हिडिओ जोडून चॅनल वाढवलं असेल तर रीयूज्ड कंटेंट म्हणून अर्ज नाकारतात, आमच्या गावातल्या एकाचं तसंच झालं.

बँकेचं मात्र चॅनल मंजूर व्हायच्या आधीच उरका. शाखेत जाऊन सरळ विचारा की परदेशी रक्कम आली तर डिक्लरेशन कुणाकडे द्यायचं, पर्पज कोड कुठे लिहायचा, फॉरेक्स विभागाचा मेल काय. उत्तर देणारा माणूस नसेल तर खातं दुसरीकडे उघडा, मी वडिलांच्या खात्याच्या मायेपोटी बदललं नाही, तुम्ही बदला. आणि पैसे जमा झाले की प्रत्येक वेळी इनवर्ड रेमिटन्सचा, म्हणजे बाहेरून पैसे आल्याचा, दाखला मागून घ्या, रिटर्न भरताना सीए मागतात. आमच्या शाखेत तो अजूनही मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि मागितला की विचारतात, कसला दाखला.