तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशात नर्सच्या हातात खरंच किती उरतं?

"ब्रिटनला जाऊ की आखातात, आणि महिन्याला शिल्लक किती पडेल?" जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) नुकतंच संपवलेल्या मुलींपासून दहा वर्षं आयसीयूत काढलेल्या सिस्टरांपर्यंत सगळ्या हाच प्रश्न विचारतात. बहुतेक जणी ऑफर लेटरवरचा पगार घेतात, रुपयाच्या भावाने गुणतात आणि आईबाबांना आकडा सांगून मोकळ्या होतात. पण राहायची सोय कोण करणार, कर किती कापला जाणार आणि पहिले सहा महिने कसे जाणार, हे त्या गुणाकारात येतच नाही. शिल्लक ठरते ती यांच्यावरच.

आधी इंग्लंड. एनएचएस म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा. तिच्यात २०२५-२६ साली बॅन्ड ५ ची, म्हणजे नोंदणी झालेल्या नर्सच्या पहिल्या पगारश्रेणीची, सुरुवात वर्षाला ३१,०४९ पौंडांनी, म्हणजे महिन्याला २,५८७ पौंडांनी होत होती. पुढचे हिशेब याच वर्षाचे आहेत. त्यातून ८.३ टक्के पेन्शनसाठी जातात. वर्षाला १२,५७० पौंडांपुढच्या रकमेवर २० टक्के प्राप्तिकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याचा हप्ता) कापला जातो. सगळं वजा जाता हातात येतात साधारण १,९८५ पौंड. आता शेअर केलेल्या घरातली रूम बिलांसकट ६५०, किराणा २००, बस-फोन-कपडे मिळून १५० असं धरलं, तर ९८५ उरतात. खर्चाचे आकडे हिशेबापुरते घेतलेत. तुमच्या शहरातलं रूमचं भाडं शोधून हीच वजाबाकी पुन्हा करा, कारण भाडं शंभराने बदललं की वर्षाचे बाराशे पौंड इकडचे तिकडे होतात.

लंडनची ओढ सगळ्यांना असते. इनर लंडनमध्ये २० टक्के जास्तीचा भत्ता आहे, म्हणजे महिन्याला ५१७ पौंड. पण पगार वाढला की पेन्शनची कपात ८.३ वरून ९.८ टक्क्यांवर जाते, वर कर आणि इन्शुरन्स आहेच. हातात वाढतात फक्त ३०० च्या आसपास. तिथली रूम बाहेरच्यापेक्षा तीनशेने महाग असेल, तर भत्ता सगळा घरमालकाला गेला. बचत हाच हेतू असेल तर लहान शहर निवडा, असं मी ठामपणे सांगते.

जास्तीचा पैसा येतो तो ड्यूटीच्या वेळेमुळे. बॅन्ड ५ ला आठवड्यातल्या रात्री आणि शनिवारी तासाला ३० टक्के, रविवारी आणि बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) ६० टक्के जादा मिळतात. साडेअकरा तासांचे दोन रविवार केले, तर २१९ पौंडांची भर पडते आणि कपातीनंतर त्यातले सुमारे १४३ हाती लागतात. हे पैसे बहुधा पुढच्या महिन्याच्या पगारात येतात, म्हणून पहिल्या स्लिपवर दिसले नाहीत तर घाबरू नका.

घाबरायची खरी जागा म्हणजे पहिले सहा महिने. ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा पास होऊन एनएमसीचा (तिथल्या नर्सिंग कौन्सिलचा) पिन, म्हणजे नोंदणी क्रमांक, मिळेपर्यंत पगार खालच्या बॅन्डचा असतो. ऑस्कीची फी ७९४ पौंड. परीक्षेच्या दहा स्टेशन्सपैकी, म्हणजे भागांपैकी, सातपर्यंत नापास झालात तर पुन्हा ३९७ भरावे लागतात. पहिली फी बऱ्याच ठिकाणी हॉस्पिटल भरतं, दुसरी भरेलच असं नाही. हे लेखी विचारून घ्या. लवकर नोकरी सोडली तर तिकीट, परीक्षा आणि सुरुवातीच्या राहण्याचा खर्च परत मागणारं कलमही करारात असतं. ते महिन्यागणिक कमी होत जातं का, हे सही करण्याआधी वाचा. घराचं डिपॉझिट इंग्लंडमध्ये बहुतेकांना पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. तेवढी रक्कम वेगळी ठेवूनच विमानात बसा.

आणखी एक चूक टॅक्स कोडची, म्हणजे पगारातून कर किती कापायचा हे ठरवणाऱ्या कोडची. रुजू होताना स्टार्टर चेकलिस्ट हा फॉर्म नीट भरला नाही, तर १२५७एल या नेहमीच्या कोडऐवजी करमुक्त रकमेशिवायचा कोड लागतो आणि महिन्याला सुमारे २१० पौंड जादा कापले जातात. एचएमआरसीला (तिथल्या कर खात्याला) कळवून कोड दुरुस्त झाला की ते परत मिळतात. याउलट ऑक्टोबरमध्ये रुजू झालेल्यांना कोड बरोबर असेल तर अख्ख्या वर्षाची करमुक्त रक्कम सहा महिन्यांतच वापरायला मिळते, म्हणून मार्चपर्यंत कर फार थोडा कापला जातो. एप्रिलनंतर पगार उतरतो. त्या सुरुवातीच्या आकड्यावर घराचा किंवा गाडीचा हप्ता ठरवू नका.

पेन्शनमधून बाहेर पडलं की हातातली रक्कम वाढते खरी, पण तसं करू नका. तुमच्या ८.३ टक्क्यांपुढे इंग्लंडमध्ये हॉस्पिटल २३.७ टक्के घालतं, आणि नोकरीत असताना काही बरंवाईट झालं तर घरच्यांना दोन वर्षांच्या पगाराइतकी रक्कम मिळते. दोन वर्षांच्या आत सोडलं तर स्वतःचा भाग परत मागता येतो. त्यानंतर मात्र पैसे पेन्शनच्या वयापर्यंत तिथेच राहतात.

आखातात पगारावर प्राप्तिकर नाही. हॉस्पिटलचं हॉस्टेल आणि ने-आणीची बस मिळाली तर खर्च उरतो जेवण आणि फोनचा, त्यामुळे पगार कमी दिसला तरी शिल्लक इंग्लंडच्या तोडीची पडू शकते. करारात पाहायची गोष्ट म्हणजे बेसिक. युएईत ग्रॅच्युइटी बेसिकवरच मोजतात, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांची. एकूण पगार ६,००० दिऱ्हम आणि त्यात बेसिक ३,०००, तर पाच वर्षांचे १०,५०० मिळतील. बेसिक ५,००० असेल तर १७,५००. सौदीत पहिली पाच वर्षं दर वर्षाला अर्धा महिना, पण स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांआधी काहीच नाही आणि पाच वर्षांपर्यंत फक्त एक तृतीयांश. लग्नानंतर सहा महिन्यांत किंवा बाळंतपणानंतर तीन महिन्यांत नोकरी सोडणाऱ्या स्त्रीला मात्र पूर्ण रक्कम मिळते. हा हक्क अनेक जणींना माहीतच नसतो.

एजंटबद्दल थोडक्यात. नोंदणीकृत भारतीय एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि ब्रिटनच्या नियमावलीनुसार तिथल्या नोकरीसाठी उमेदवाराकडून फीच घ्यायची नसते. लाखांत मागणी झाली तर तिथून उठा. व्याजाने काढलेलं ते कर्ज पहिल्या वर्षाची शिल्लक खाऊन टाकतं.

पैसे पाठवताना "झिरो फी" पाहू नका. त्या क्षणी गूगलवर दिसणारा भाव आणि तुम्हाला मिळणारा भाव यातला फरक गुणिले रक्कम, हीच खरी फी. पौंडामागे दोन रुपये कमी मिळाले, तर ९०० पौंडांवर १,८०० गेले. परदेशी गेल्यावर जुनं बचत खातं एनआरओत (अनिवासी भारतीयांचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) बदलून घ्यावं लागतं. पैसे एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीच्या) खात्यात पाठवा. तिथलं व्याज भारतात करमुक्त आहे, तर एनआरओच्या व्याजातून ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापला जातो. इंग्लंडमध्ये राहणारीला एनआरईचं व्याज तिथे मोजावं लागतं, मात्र २० टक्के प्राप्तिकराच्या टप्प्यात वर्षाला १,००० पौंडांपर्यंतच्या व्याजावर कर नसतो. जुनं पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही. आणि नवऱ्याच्या नावाने एफडी केलीत तर तिचं व्याज भारतात तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. आईवडिलांच्या नावाने केली तर ते त्यांचं उत्पन्न ठरतं.