घाटात गाडी ओढत नाही, सगळं बदलून झालं, आता इंजिन काढायचं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आंबा घाटाच्या पायथ्याशी, साखरप्याच्या बाजूला गॅरेज असलं की हा प्रश्न हंगामात रोज येतो: "दादा, सपाटीला गाडी एकदम मस्त. घाट लागला की दम सोडते. फिल्टर झाले, नोझल झाले, टर्बोपण बदलला. इंजिन गेलं का?"

विचारणारे बहुतेक जण जुन्या डिझेल पिकअपचे मालक असतात. रत्नागिरीकडून कोल्हापूरला कुणी आंब्याच्या पेट्या नेतो, कुणी चिरे. हप्ते फिटलेत, घर त्याच गाडीवर चाललंय आणि आता कुणीतरी इंजिनकामाचा आकडा सांगितलाय. झोप उडणारच. माझं उत्तर असं, की इंजिन गेलेलं असण्याची शक्यता सगळ्यात शेवटी धरा. ज्या गाडीचं दुखणं भरलेल्या चढावरच दिसतं, ती रिकामी, थंड, गॅरेजात उभी करून तपासली तर काही सापडत नाही. मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. पैसे तिथे जातात.

आधी फुकटातल्या गोष्टी. एकाला आत बसवून रेस तळापर्यंत दाबायला सांगा आणि बॉनेट उघडून बघा. केबलवाली गाडी असेल तर इंजिनाच्या डिझेल पंपावरचा लिव्हर शेवटच्या टोकाला जातोय का? केबल सैल पडली असली किंवा पायाखालचं मॅट पेडलला अडत असलं, तर इंजिनाला पूर्ण डिझेल मिळतच नाही. मग एक फेरी मारून या आणि चारही चाकांच्या हबजवळ हात न्या, टेकवू नका. एखादं चाक भट्टीसारखं तापलं असेल तर ब्रेक जाम आहे. चढावर इंजिनाचा आवाज वाढतोय आणि वेग मात्र वाढत नाही, वर जळका वास, म्हणजे क्लच प्लेट घसरतेय. या दोन्हींत इंजिन बिचारं ठणठणीत असतं, त्याची ताकद चाकापर्यंत पोचत नाही.

त्यानंतर धूर बघा. रात्री घाटात मागून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटमध्ये तो फार छान दिसतो, म्हणून मागच्या गाडीत कुणालातरी बसवा. गाडी दम सोडताना काळा धूर ओकत असेल, तर डिझेल मिळतंय पण त्याच्या मानाने हवा कमी पडतेय. एअर फिल्टर, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीचे) पाइप, काजळीने अडकून उघडा राहिलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा जळका धूर परत इंजिनात सोडणारी झडप) यांच्याकडे जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. आणि दम सोडलाय पण धूर जवळजवळ नाहीच, तर इंजिन उपाशी आहे, डिझेलच्या बाजूला शोधा. ही एक खूण ओळखता आली तरी निम्मं काम होतं. धूर न बघता टर्बो बदलणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तो खर्च परत येत नाही.

पावसकडच्या एका बागायतदाराची गाडी अशीच आली होती. कॉमन रेल इंजिन (पंप एकाच नळीत, म्हणजे रेलमध्ये, जोरात डिझेल भरतो आणि तिथून ते सगळ्या नोझलना जातं), चेक लाइट लागलेली, स्कॅनरला कोड पी ००८७, म्हणजे रेलमधला दाब कमी. कोड बघून दुसरीकडे हाय प्रेशर पंप उतरवून दुरुस्त केला होता. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. दख्खनकडे तोंड करून चढायला लागलं की काही वळणांनंतर गाडी ढेपाळायची. बाजूला घेऊन थोडा वेळ उभी केली की पुन्हा ओढायची. धूर नाही.

थांबल्यावर बरी होते, ही मोठी खूण. झिजलेला पंप दहा मिनिटं विश्रांती घेऊन तरुण होत नाही. असं वागतं ते पंपाची ओढ पडल्यावर बंद होणारं आणि ओढ गेल्यावर उघडणारं काहीतरी. टाकीच्या झाकणाचा हवा घ्यायचा मार्ग बुजला तर असं होतं. झाकण उघडताना जोरात फुस्स आवाज येतो आणि गाडी लगेच सुधारते. टाकीतल्या जाळीला गाळ चिकटला तरी असंच होतं. डिझेलच्या तळाशी पाणी साठलं की त्या सीमेवर बुरशी-जिवाणू वाढून काळा बुळबुळीत थर धरतो, तो ओढीबरोबर जाळीवर येऊन बसतो आणि इंजिन बंद केलं की खाली गळतो. फिल्टरच्या तळाचा ड्रेन उघडून पाणी काढायचा कंटाळा करू नका, तो यासाठीच दिलेला असतो.

या गाडीचं झाकण ठीक होतं. मग पंपात डिझेल शिरतं तिथे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून व्हॅक्यूम गेज, म्हणजे ओढ मोजणारं मीटर, जोडलं, लांब नळीने काचेसमोर आणून बांधलं आणि चिरे भरून घाटात निघालो. खाली काटा हलेचना. चढ सुरू झाला, इंजिन तापलं, तिसऱ्याचा दुसरा टाकला आणि काटा सरकायला लागला. गाडी मंदावली तेव्हा तो चांगलाच वर गेला होता. म्हणजे पंप जीव तोडून ओढतोय आणि मागून डिझेल येत नाही. खाली येऊन तेच गेज फिल्टरच्या तोंडाशी, डिझेल बाहेर पडतं तिथे लावलं, पुन्हा वर गेलो. गाडी ढेपाळली, काटा मात्र जागेवर. म्हणजे तिथपर्यंत डिझेल मोकळं येतंय. टाकी, जाळी, फिल्टर, सगळे एका फटक्यात संशयातून सुटले. उरला फिल्टर ते पंप हा वीतभर रबरी पाइप.

बाहेरून पाइप काळाभोर, नव्यासारखा, क्लिपा घट्ट. दाबून पाहिला तरी शंका येऊ नये. काढून ब्लेडने उभा चिरला तेव्हा दिसलं. आतलं अस्तर बाहेरच्या थरापासून सुटून एका बाजूने फुगलं होतं आणि सुटलेली कड जिभेसारखी आत लोंबत होती. बोटाने ढकलली की भोक बंद, सोडली की उघडं. इंजिनाच्या उष्णतेने ती मऊ व्हायची, जोराची ओढ पडली की भिंतीपासून उचलून मार्ग अडवायची, गाडी थांबली की मागे पडायची. मागे कधीतरी डिझेलसाठी नसलेला साधा पाइप तिथे बसवला गेला होता. डिझेलला चालणारा, भिंतीत जाळी विणलेला पाइप घातला. पंपाच्या बिलापुढे त्याची किंमत चहापाण्याची म्हणावी इतकी. आंब्याचा तो हंगाम गाडीने नीट काढला.

तेव्हा पी ००८७ आला म्हणून पंपावर झडप घालू नका. रेलमध्ये दाब कमी आहे, एवढंच तो कोड सांगतो. पंपाला डिझेल पोचतंय का हे सांगत नाही. आयडलला दोन-तीनशे बार आणि भरल्या चढावर हजाराच्या वर, असा दाब तिथे लागतो. स्कॅनर लावून चालत्या गाडीत मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी शेजारी बघा, कुठे फारकत होते ते कळेल. नोझलवर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागावर) संशय असेल तर प्रत्येकाचं रिटर्नचं, म्हणजे न फवारता परत जाणारं, डिझेल वेगळ्या बाटलीत घ्या. एखादी बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरली तर तेवढंच नोझल काढा, चारही नाही.

काळ्या धुराच्या गाड्यांत मला बऱ्याचदा इंटरकूलरचा पाइप फाटलेला सापडतो. उभ्या गाडीत चीर मिटलेली असते, टर्बोचा दाब आला की उघडते. पाइपाभोवती ऑइलचा ओशट डाग दिसला तर तिथेच चाचपा. टर्बोचं नियंत्रण व्हॅक्यूमवर असेल तर त्याच्या बारीक नळ्याही बघा. पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्या मागेच असतो आणि ब्रेकचा बूस्टरही त्याच्यावरच चालतो. गाडी ओढत नाही आणि ब्रेकही जड लागतोय, अशी दोन्ही दुखणी एकदम आली तर तो पंप आधी.

घाटाच्या उंचीला कुणी दोष देतं, त्यात फार तथ्य नाही. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथेही हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्क्यांनीच कमी. आंबा घाट त्याहून पुष्कळ खाली. वजनाचं मात्र प्रामाणिकपणे सांगा. आरसी बुकात लिहिलंय त्याच्या दीडपट चिरे भरून गाडी दुसऱ्या गिअरला रडत असेल, तर बिघाड गाडीत नाही.

इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबायची ताकद, खरंच गेलं असेल तर ते सपाटीलाही जाणवतं. सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागतो, ऑइल कमी होत राहतं, ऑइलचं झाकण काढल्यावर आतून धूर जोराने बाहेर येतो. तरीही इंजिन उतरवण्याआधी सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि आकडे कागदावर मागा.

माझ्याकडे येणार असाल तर कितव्या वळणाला, कोणत्या गिअरला, धूर कसा, थांबल्यावर किती वेळाने बरी होते, हे लिहून आणा. बदललेले जुने पार्ट असतील तर तेही. आंब्याची गाडी असेल तर माल आधी पोचवा, तो नासायला नको. चिऱ्याची खेप असेल तर गाडी रिकामी करू नका, भरलेलीच आणा.