‘दीवार’मधला विजय : सगळा घोळ एका सहीचा

‘दीवार’ सिनेमातला विजय (अमिताभ बच्चन) वाकड्या वाटेला का गेला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : गरिबी. पण गरिबी तर त्याच्या धाकट्या भावाच्या, रवीच्याही वाट्याला आली होती. पूल तोच, फुटपाथ तोच, विटा वाहणारी आईही तीच. मग एक भाऊ तस्कर आणि दुसरा इन्स्पेक्टर का? सलीम-जावेदनी 1975च्या या पटकथेत भूक दोघांना सारखी वाटली आहे. बेइज्जती मात्र जवळजवळ सगळी थोरल्याच्या पदरात टाकली आहे.

सुरुवात होते सहीपासून. आनंदबाबू (सत्येन कप्पू) कामगारांचे पुढारी. संप ऐन भरात असताना मालक त्यांच्या बायकामुलांना ओलीस धरतो आणि आपल्या अटींचा कागद पुढे सरकवतो. ते सही करतात. कामगारांच्या लेखी ते गद्दार ठरतात, आणि एक दिवस घर सोडून निघून जातात. राग काढायला मग सापडतो तो थोरला पोरगा. त्याला धरून त्याच्या हातावर गोंदवतात, ‘मेरा बाप चोर है’. रवीच्या हातावर काही नाही. तो लहान आहे, त्याला यातलं फारसं कळतही नाही. पटकथेतली सगळ्यात हुशार चाल मला हीच वाटते. फरक स्वभावाचा ठेवलाच नाही, सरळ कातडीवर कोरला. शर्टाची बाही वर सरकली की भूतकाळ हजर.

बालविजयचं काम मास्टर अलंकारनं, म्हणजे आपल्या अलंकार जोशीनं केलंय. अमिताभचं निम्मं काम त्यानं आधीच करून ठेवलंय, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. देवळाबाहेरच्या पायरीवर तो कसा बसतो ते बघा. आई आणि रवी आत जातात, हा जात नाही. देवावरचा हा रुसवा मोठेपणीही सुटत नाही. आई मरणाच्या दारात असते तेव्हा कुठे तो देवळात पाऊल टाकतो, आणि तिथेही हात जोडण्याआधी भांडतो.

बूटपॉलिशचा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातला व्यवहार नीट पाहिला जात नाही. पोराला पैसे हवेच आहेत. त्याची अट एवढीच, की फेकायचे नाहीत, हातात द्यायचे. तस्करांचा म्होरक्या डावर (इफ्तेखार) त्याच क्षणी ओळखतो की हा जन्मभर बूट पुसणार नाही. पुढे मोठा झालेला विजय त्याच डावरसमोर उभा राहतो आणि फेकलेल्या नोटा उचलायला नकार देतो. म्हणजे गुन्हेगारीत तो शिरतो ते लालसेनं नव्हे, मानानं. समाजानं जे दिलं नाही, ते डावरनं टेबलावरून उचलून हातात ठेवलं! गोदीत हप्ता नाकारणारा हमाल मारला जातो आणि विजय हप्ता उकळणाऱ्या गुंडाच्या, पीटरच्या गोदामात जातो, तिथेही तो बापाचंच अर्धवट राहिलेलं काम उचलतो. फरक एवढाच की बाप युनियन घेऊन लढला आणि हा एकटा लढतो. ही एकट्याची सवय त्याला पुढे महागात पडते.

रवीचा सरळपणा फुकटचा नाही, हे चित्रपट एकदाच सांगतो. शाळेच्या फाटकाबाहेरून आत बघणारा रवी, दोघांना शिकवणं आईला शक्य नाही, आणि थोरला म्हणतो मी काम करतो. रवीच्या वर्दीचं कापड या निर्णयातून आलंय. म्हणूनच तो भावासमोर कबुलीचा कागद धरतो, तेव्हा आपल्याला अवघडल्यासारखं होतं. विजय त्याला उलट सांगतो, आधी त्यांच्या सह्या आण : बापाला चोर म्हणणाऱ्याची, आईला शिव्या घालून कामावरून काढणाऱ्याची, माझ्या हातावर गोंदणाऱ्याची. एका सहीनं घर बुडालं, आता दुसरी सही मागायला सख्खा भाऊ आलाय.

पटकथा विजयला सहानुभूती देते, पण माफी देत नाही. पाव चोरून पळणाऱ्या पोराला रवी गोळी घालतो, मग खाणं घेऊन त्याच्या घरी जातो. पोराचा बाप (ए. के. हंगल) मास्तर. उपाशी माणसानं चोरी केली तरी ती चोरीच, असं तो स्वतःच्या जखमी मुलाबद्दल म्हणतो. विजयच्या बाजूनं जे काही म्हणता आलं असतं, ते सगळं हा माणूस एका झटक्यात खोडून टाकतो. खरं सांगायचं तर प्रसंग जरा जास्तच सोयीचा बेतलाय, हंगलनी तो तारून नेलाय.

आईसाठी इमारत विकत घेणं हाही जुनाच हिशोब. जिथे तिनं विटा वाहिल्या ती इमारत तिच्या नावावर केली की अपमान फिटेल, असं त्याला वाटतं. तो फिटत नाही, कारण आईनं तो तसा मोजलेलाच नव्हता.

विजय खरा हलतो तो प्रेयसी अनिताला (परवीन बाबी) दिवस गेल्यावर. आपल्या मुलाच्या हातावरही कुणी तेच चार शब्द गोंदतील, या भीतीनं तो लग्न करायचं आणि पोलिसांच्या स्वाधीन व्हायचं ठरवतो. म्हणजे रवीनं मागितलेली सही अखेर द्यायला निघतो, तीही बापासारखीच, घरच्यांसाठी. इथे लेखक कच खातात. डावरच्या विरोधातला तस्कर सामंत, त्याची माणसं अनिताला मारतात, विजय सामंतला मारतो आणि मामला पुन्हा पाठलाग आणि गोळीवर येतो. कोर्टात उभा राहिलेला विजय काय बोलला असता, हे लिहिणं जास्त अवघड होतं.